व्होल्ट जुळले, पिन बसली, तरी थांब म्हटलं

रविवारी भाचा गिटार घेऊन ठाण्याला आला, सोसायटीच्या गणपतीत दोन गाणी वाजवायचीत त्याला, आणि आल्या आल्या कळलं की डिले पेडलचा (गिटारच्या आवाजाला प्रतिध्वनी देणारी पायाने दाबायची डबी) अडॅप्टर डोंबिवलीलाच राहिला. म्हटलं टेन्शन नको घेऊस, मामाकडे खोकं आहे. गेल्या दहा वर्षांत घरातलं जे जे मेलं त्याचा अडॅप्टर त्या खोक्यात जिवंत आहे.

जुन्या राउटरचा ९ व्होल्टचा सापडला. पेडललाही ९ च, पिनही मस्त बसत होती. तो लावणार तेवढ्यात मी ओरडलो, अरे आधी चित्र बघ! पेडलच्या जॅकपाशी एक इवलंसं चित्र असतं, मधे ठिपका, त्याला अर्धगोल, दोन्ही बाजूंना प्लस-मायनस. पेडलवर मधला ठिपका मायनसला जोडलेला, अडॅप्टरवर प्लसला. राउटर, मॉडेम बहुतेक सगळे मधे प्लसवाले, गिटार पेडलची दुनिया मात्र उलटी, बॉस वगैरे कंपन्यांचे सगळे मधे मायनस. कारण असं की अडॅप्टर लावल्यावर आतली बॅटरी तोडणारा स्विच जॅकच्या बाहेरच्या पत्रीवर असतो, म्हणून प्लस बाहेर. उलटा लावला तर नशीब असेल तर आतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) वाचवतो, नसेल तर धूर.

भाच्याला भीती भलतीच, म्हणे मामा ह्यावर ६०० मिलीअँप लिहिलंय, पेडलला ५० च लागतात, जळेल ना? अरे अँपिअर जास्त असले तर काही होत नाही, पेडल हवं तेवढंच ओढतं, कमी असले तर प्रॉब्लेम. व्होल्ट मात्र तेवढेच हवेत. आणि गाण्याबजावण्याच्या काही छोट्या साउंड मिक्सरना तर डीसी नाही, एसी करंट देणारा अडॅप्टर लागतो, तिथे व्होल्टपुढे नुसती नागमोडी रेघ असते, ती चष्म्याशिवाय दिसत नाही.

मग नवा अडॅप्टर घ्यायला स्टेशनजवळ गेलो. दुकानदार म्हणाला, पेडलचाच आहे, घेऊन जा. मी व्होल्ट मोजायचा मीटर सोबत नेला होता (भाचा लाजून चार पावलं लांब उभा), डीसी २० वर ठेवला, लाल टोक भोकात, काळं बाहेरून, तर आला ९.१, मायनसबियनस काही नाही. म्हणजे हाही मधे प्लस! तिसऱ्या पीसला उणे ९.२ दिसलं तेव्हा पैसे दिले.

रात्री खोक्यातल्या सगळ्यांवर मास्किंग टेप लावून मार्करने लिहिलं. एक ट्रिमरचा निघाला. बायको म्हणाली, ट्रिमर तर कधीच भंगारात गेला.

असू दे म्हटलं.