सेमी-इंग्रजीच्या तासाला मुलांना बोलतं करायचं तर

सेमी-इंग्रजीच्या वर्गात विज्ञान इंग्रजीतून चालतं, पण इंग्रजी बोलतात एकटे शिक्षक. एक वाक्य इंग्रजीत, लगेच त्याचं मराठी. मुलं मराठीची वाट बघत बसतात. व्याख्या पाठ होतात, तोंड उघडत नाही.

कॅनडात हे फार आधी दिसलं. क्विबेकमधल्या सेंट लँबर्टला १९६५ साली इंग्रजी घरांतल्या मुलांना शाळेचे विषय फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली. अशा वर्गांतल्या मुलांना पुढे फ्रेंच छान समजायचं, बोलण्यातल्या चुका मात्र जात नव्हत्या. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये त्याचं कारण मांडलं: नुसतं ऐकून भागत नाही, मुलांना स्वतः बोलावं-लिहावं लागलं पाहिजे.

म्हणून धडा आखताना आधी ठरवा, मूल कोणाला काय सांगणार आणि का.

मटकीचंच घ्या. रात्रभर भिजवलेले दहा-दहा दाणे दोन वाट्यांत ओल्या कापसावर ठेवा, एक उजेडात, एक बंद डब्यात. तिसऱ्या वाटीत न भिजवलेले दहा दाणे, कोरड्या कापसावर. दोन दिवसांनी जोड्या पाडा. उजेडातल्या आणि कोरड्या वाटीची नोंद एकाकडे, डब्यातलीची दुसऱ्याकडे. तक्ता दोघांनी पूर्ण करायचा. मध्ये दप्तर उभं करा, नाहीतर मुलं वही दाखवून मोकळी होतात. आता विचारावंच लागतं: ‘हाऊ मेनी सीड्स स्प्राउटेड?’ अंधारातही मोड आलेले कळले की ‘रिअली?’ आपोआप येतं.

नवे शब्द सहा-सातच: सीड, कॉटन, वेट, ड्राय, डार्क, स्प्राउट. ते वस्तू हातात देऊन शिकवा. फळ्यावर वाक्याचा साचा हवाच: ‘द सीड्स इन ... स्प्राउटेड बिकॉज ...’ आणि त्याखाली ‘डिड नॉट स्प्राउट’चा. ‘बिकॉज’पुढचं कारण आधी मराठीत बोलू द्या. संकल्पना नवी आणि भाषाही नवी, असं दोन्ही एकदम आलं की वर्ग गप्प होतो. मराठीतली ही पाच मिनिटं वाया जात नाहीत.

जोड्या बोलत असताना व्याकरण सुधारू नका. चुका टिपून ठेवा आणि शेवटी दोन-तीनच फळ्यावर घ्या. ‘ड्राय सीड नॉट स्प्राउट, नो वॉटर’ या उत्तराला विज्ञानाचे पूर्ण गुण द्या. भाषेचं वेगळं बघा. पुढच्या प्रयोगाला तोच साचा वापरा, पण ‘बिकॉज’ तेवढा फळ्यावर ठेवून बाकीचा पुसा.