रंग कुठून आणता?

दुसऱ्या महायुद्धातली विमानं बाजूने कशी दिसत, त्याची चित्रं मी कॉम्प्युटरवर काढते. चित्र दाखवलं की हमखास प्रश्न येतो: "त्या काळचे फोटो तर काळे-पांढरे. मग रंग कुठून आणता? अंदाजपंचेच ना?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. एकच विमान धरून सांगते, म्हणजे नीट कळेल: हॉकर हरिकेन. १९४४ साली इंफाळला जपानी सैन्याचा वेढा पडला, तेव्हा भारतीय हवाई दलाची एक नंबरची स्क्वाड्रन तिथे हीच विमानं उडवत होती. स्क्वाड्रनचे प्रमुख होते अर्जन सिंग.

पहिली गोष्ट, फोटोतून रंग थेट मिळत नाही. रंग मिळतो हुकुमांतून. कुठल्या आघाडीवरच्या विमानाला कोणत्या छटा द्यायच्या, कुठल्या देशाचं विमान ते सांगणारं रंगीत वर्तुळ केवढं काढायचं, नंबर किती उंचीचा लिहायचा, याचे लेखी आदेश असत आणि ते बदलले की तारखेसह नवे निघत. हरिकेनच्या वरच्या बाजूला डार्क ग्रीन आणि डार्क अर्थ, म्हणजे गडद हिरवा आणि मातकट तपकिरी. त्यांचे पट्टे कुठून कुठे वळायचे याचासुद्धा नकाशा ठरलेला. फोटो सांगतो तो एवढंच, की या एका विमानावर त्या दिवशी कुठला आदेश लागू होता आणि तो कितपत पाळला गेला होता. माझं सगळं काम या दोन्हींचा मेळ घालण्याचं आहे.

त्यात फोटो फसवतोही. त्या काळी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म सर्रास वापरात होती. तिला लाल रंग दिसत नाही, त्यामुळे लाल भाग जवळजवळ काळा उतरतो, पिवळा गडद येतो आणि निळा मात्र फिकट पडतो. पॅनक्रोमॅटिक फिल्मला लालसुद्धा दिसतो, त्यामुळे तिच्यावर तेच रंग वेगळे दिसतात. त्यामुळे ब्रिटिश विमानाच्या वर्तुळाभोवतीचं पिवळं कडं एका फोटोत काळपट दिसतं, दुसऱ्यात पांढुरकं. दोन्ही फोटो खरेच असतात. म्हणून आधी फिल्म कुठली ते ठरवायचं आणि मगच रंगाबद्दल बोलायचं.

ब्रह्मदेशच्या आघाडीवर वर्तुळाचा आणखी एक पेच आहे. जपानी विमानांवर लाल गोळा असे. ब्रिटिश वर्तुळाच्या मधोमधही लालच. हवेत क्षणभरात निर्णय घ्यायचा असतो. त्यात आपल्याच माणसाने आपलं विमान पाडू नये म्हणून या भागातल्या विमानांवरून लाल काढून टाकला. शेवटी राहिलं ते गडद निळं कडं आणि आत फिकट निळा गोल. पण मधल्या काळात आत पांढराही असे. फोटोत फिकट निळा आणि पांढरा सारखेच दिसले तर काय करायचं? मी त्याच फोटोत खात्रीचा पांढरा शोधते, उदाहरणार्थ विमान ओळखण्यासाठी त्याच्या अंगावर रंगवलेलं पांढरं अक्षर. दोन्हींवर सारखंच ऊन पडलेलं हवं, त्यातला एक सावलीत असेल तर तुलना बाद. वर्तुळाचा आतला गोल त्या अक्षरापेक्षा थोडा जरी गडद भरला, तरी तो निळा असण्याची शक्यता पुष्कळ वाढते. मग तारीख बघायची, शेजारच्या विमानांचे फोटो बघायचे. एवढं झाल्यावर मी ब्रश हातात घेते.

रंग कळला तरी तो जसाच्या तसा भरून चालत नाही. हरिकेन जवळपास पावणेदहा मीटर लांबीचं. मूळ रंगाच्या पट्टीवरची छटा उचलून हातभर चित्रात ओतली, तर विमान काळवंडलेलं आणि खेळण्यातलं वाटतं. लांबून बघताना मध्ये हवा येते, उजेड येतो, रंग उतरतो. तेवढा तो चित्रातही उतरवावा लागतो.

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. हरिकेनचं नाक आणि कॉकपिटच्या आसपासचा भाग धातूच्या पत्र्याचा, पण मागचं अंग कापडाचं. आत लाकडी पट्ट्या उभ्या-आडव्या बसवलेल्या, त्यावर कापड ताणून बसवलेलं आणि डोप, म्हणजे कापड ताठ करणारा लेप, लावून कडक केलेलं. पतंगाच्या कागदातून कामट्या जाणवतात ना, तशा त्या पट्ट्या बाजूच्या उन्हात लांबलचक रेघांसारख्या उठून दिसतात. मी त्या वेगळ्या लेअरवर, म्हणजे चित्रावरच्या वेगळ्या पारदर्शक थरावर, घेते: प्रत्येक पट्टीच्या वर उजेडाची बारीक कड, खाली मऊ सावली, दोन पट्ट्यांच्या मध्ये कापड किंचित खोल. सावलीचा लेअर मल्टिप्लायवर, म्हणजे खालचा रंग तसाच ठेवून तो गडद करणाऱ्या सेटिंगवर, आणि फार हलका. जरा जास्त झाला की विमानाच्या बरगड्या निघाल्यासारख्या दिसतात.

आणि म्हणूनच, विमान जुनं दाखवायचं म्हणून शेपटीपर्यंत चंदेरी ओरखडे मारलेली हरिकेनची चित्रं बघवत नाहीत. कापडाखाली चमकायला धातू आहेच कुठे? तिथे रंग झिजला तर खालच्या डोपची तांबूस झाक डोकावेल. चंदेरी ओरखडे शोभतात ते पुढे, इंजिनवरच्या पत्र्यांच्या कडांना, जिथे मेकॅनिक रोज स्क्रू काढायचे आणि लावायचे. वैमानिक डाव्या बाजूने चढायचा, म्हणून तिथल्या पायरीभोवती बुटांचे घासे आणि चिखल. उजवी बाजू काढायची असेल तर हे पायरीजवळचे घासे आणि चिखल नाहीत. इंजिनाच्या धुराचा डागही सगळा काळा नसतो. पेट्रोलमध्ये शिसं असल्यामुळे नळकांड्यांपासून मागे जाता जाता तो राखाडी, भुरकट होत जातो. हे सगळं ठिकाणावर बसलं की विमान कारखान्यातून नुकतं आल्यासारखं न दिसता इंफाळच्या धुळीत उभं राहिल्यासारखं दिसायला लागतं.

तरीही काही जागा उरतातच. पंख्याच्या मधलं टोक, स्पिनर, फोटोत नुसतं करडं दिसतं. ते लाल असेल, निळं असेल, काहीही असेल. लोक आग्रह करतात की लाल करा, उठून दिसेल. मी करत नाही. पुरावा नसेल तिथे साधा, त्या काळी प्रचलित असलेला रंग देते आणि चित्राखाली लिहिते की हा भाग तर्काने भरला आहे. त्या विमानात बसून माणसं लढाईवर गेली, काही परतली नाहीत. त्यांच्या विमानाला मी माझ्या आवडीचा रंग लावणं मला पटत नाही.

म्हणून एक विनंती करते. घरात आजोबा-पणजोबांचा विमानासोबतचा फोटो असेल, तर तो कापून नुसता चेहरा मोठा करू नका. अख्खा स्कॅन करा, कडांसकट; कोपऱ्यात अर्धवट आलेला शेपटीवरचा नंबर मला चेहऱ्याइतकाच हवा असतो. मागची बाजूही स्कॅन करा, तिथे पुष्कळदा तारीख आणि गाव लिहिलेलं असतं. आणि लॉगबुक, म्हणजे वैमानिकाची उड्डाणांची नोंदवही, असेल तर त्यातला विमानाच्या नंबरचा रकाना बघा. तो नंबर आणि फोटोतला नंबर जुळला, तर चित्र त्याच विमानाचं काढता येतं.