कॅमेरा कधी बदलायचा: मिरजेतल्या आमच्या स्टुडिओची वाटचाल

स्टुडिओत येणारी नवी मुलं हमखास विचारतात, "ताई, आता कोणती बॉडी घ्यावी?" बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा. कोणती, याचं उत्तर देणारे गावोगाव आहेत. कधी घ्यावी, हे फारसं कुणी विचारत नाही, आणि आमच्या धंद्याचं बरंवाईट मात्र त्यावरच ठरत आलं आहे. म्हणून आमची वाटचाल मी कॅमेऱ्यांच्या क्रमानं सांगते: कोणता कधी घेतला, आणि कोणते समोर असूनही घेतले नाहीत.

बाबांनी सुरुवात केली ती यशिका मॅट १२४ जी वर. १२० च्या एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. मागे डार्करूम, तिथंच धुलाई आणि तिथंच प्रिंट. पुढे त्यांनी निकॉन एफएम२ घेतला. १९८२ साली बाजारात आलेला हा कॅमेरा पूर्ण यांत्रिक होता. बॅटरी संपली तर फक्त प्रकाश मोजणारा मीटर बंद पडायचा, शटर चालत राहायचं. ऐन लग्नात बॅटरीसाठी कुठं धावायचं, या हिशेबानं बाबांनी तो निवडला. त्या निवडीबरोबर घरात निकॉनचा एफ माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स बसवायची खाच, आला. १९५९ पासून चालत आलेला हा माउंट. पुढे किती बॉड्या आल्या आणि गेल्या, लेन्स मात्र एकीवरून दुसरीवर चढत राहिल्या. फिल्मच्या शेवटच्या वर्षांत घेतलेली ८०-२०० एफ/२.८ ही एएफ-डी लेन्स आजही आमच्या कपाटात आहे. तिची गोष्ट पुढे येईल.

डिजिटलचा पहिला कॅमेरा डी७०, ६ मेगापिक्सेलचा. त्याच्यावर आम्ही बरीच वर्षं काढली. पोस्टकार्ड साइजच्या प्रिंट होत्या तोवर कुणाची तक्रार नव्हती. करिझ्मा अल्बम, म्हणजे पानभर फोटो छापलेले मोठे अल्बम, आले आणि गणित बदललं. १२ बाय ३६ इंची पान उघडलं की एका बाजूला १२ बाय १८ इंचाचा फोटो बसतो. ३०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके धरून, त्यासाठी ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. डी७० ची फाइल ३००८ बाय २०००, म्हणजे जेमतेम १६७ डीपीआय. शिवाय त्याचा सेन्सर लहान. २४ एमएमची लेन्स ३६ सारखी दिसायची, आणि कार्यालयातल्या अरुंद स्टेजवर मागे सरकायला जागा नसायची. मग २००८ ला आलेला फुल फ्रेमचा, म्हणजे ३५ एमएम फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा, डी७०० घेतला. पिक्सेल १२ दशलक्षच, पण रात्रीच्या वरातीत आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, ३२०० वर नेऊन बिनधास्त काम करता यायला लागलं.

२०१२ मध्ये ३६ मेगापिक्सेलचा डी८०० आला. ओळखीतल्या अनेकांनी तो घेतला, आम्ही घेतला नाही. एवढ्या जड फाइल एका लग्नात हजारांनी आल्या असत्या. त्यासाठी कॉम्प्युटर बदलायचा, हार्ड डिस्क दुप्पट घ्यायच्या, अल्बम डिझाइन करणाऱ्या मुलाचे तास वाढवायचे. अल्बमचं पान तर तेवढंच राहणार होतं. दोन वर्षांनी २४ मेगापिक्सेलचा डी७५० आला. त्याची फाइल ६०१६ बाय ४०१६, म्हणजे आमच्या पानाला पुरून थोडं क्रॉपला उरतं. आणि दोन कार्डांचे स्लॉट. माझ्या लेखी ही दुसरी गोष्ट मोठी होती. प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर जातो, एक कार्ड दगा देईल तेव्हा दुसरं असतं. अंतरपाट दुसऱ्यांदा धरता येत नाही. दोन डी७५० घेतले, आणि त्या दोघांनी आमच्या स्टुडिओला जे कमावून दिलं ते त्याआधीच्या कोणत्याही कॅमेऱ्यानं दिलं नव्हतं.

मग २०१८ उजाडलं. त्या एका वर्षात सोनीचा ए७ थ्री, निकॉनचे झेड६ आणि झेड७, कॅननचा ईओएस आर असे एकामागून एक मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले कॅमेरे, आले. आरसा गेला, माउंट बदलले. आतापर्यंत आम्ही बॉडी बदलत होतो, आता अख्खी सिस्टिम बदलायची वेळ आली होती. बॉडी बदलली की एक बिल येतं. सिस्टिम बदलायची तर लेन्स, फ्लॅश, ट्रिगर, बॅटऱ्या, चार्जर, कार्ड, कार्ड रीडर आणि वर्षानुवर्षं तयार झालेला हात, असं सगळंच बदलावं लागतं. पत्रिकेच्या मजकुरापेक्षा आहेराची यादी लांब असावी, तसं होतं ते. झेड६ ला एक्सक्यूडी कार्डाचा एकच स्लॉट होता, कॅननलाही एकच. आमच्यासाठी विषय तिथंच संपला. सोनीला दोन स्लॉट होते आणि त्याचा ऑटोफोकस तेव्हा सगळ्यांच्या पुढे होता. सांगली-कोल्हापूरकडचे बरेच लग्नाचे फोटोग्राफर त्या वर्षांत सोनीकडे गेले. त्यांचा निर्णय बरोबर होता असं मी आजही म्हणेन. त्यातल्या अनेकांकडे दोन-तीनच लेन्स होत्या. आमच्याकडे दोन पिढ्यांचं निकॉनचं सामान होतं.

२०२० च्या शेवटी दोन स्लॉटचा झेड६ टू आला, पण तेव्हा लग्नंच नव्हती. एप्रिल २०२१ मध्ये तर पंचवीस माणसं आणि दोन तास एवढ्यात लग्न आटोपायचा नियम होता. असलेल्या माणसांचे पगार देणं हेच तेव्हा मोठं होतं.

बदलाची खरी गरज आम्हाला दाखवली ती गाण्यानं. मिरजेत राहून फोटोग्राफी करायची आणि गाण्याचे फोटो काढायचे नाहीत, हे शक्य नाही. मिरासाहेब दर्ग्याच्या उरसात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर दर्ग्याच्या आवारातच आहे. इथं बसणारा श्रोता कान घेऊन आलेला असतो. विलंबित आलाप चाललेला असताना डी७५० चा आरसा उठतो आणि पडतो, तो आवाज पहिल्या चार रांगांना ऐकू जातो. कॅमेऱ्यात 'क्वाएट' म्हणून मोड आहे, त्यानं आवाज कमी होतो, जात नाही. एकदा एका ज्येष्ठ तानपुरावाल्या काकांनी मला जवळ बोलावून सांगितलं, "ताई, फोटो काढा की. पण आलापात नको. द्रुत सुरू झाली, तबला वाजायला लागला, की मग पाहिजे तेवढे काढा." त्यांचं म्हणणं योग्यच होतं. पण गायकाच्या चेहऱ्यावरचा सगळ्यात सुंदर क्षण आलापातच असतो. डोळे मिटलेले, हात अर्धा उचललेला, मागे तानपुऱ्यावर फिरणारी बोटं. वर्षानुवर्षं तो क्षण मी डोळ्यांनी पाहत होते आणि कॅमेरा खाली ठेवत होते. एखादं काम हातात असलेल्या साधनानं होतच नाही, तेव्हा बदलाचा विचार सुरू करायचा. नवीन मॉडेलची तारीख हे त्याचं कारण नव्हे.

लग्नांतही एक अडचण होती. डी७५० चे ५१ फोकस पॉइंट फ्रेमच्या मध्यभागी दाटीनं बसलेले. नवरी कडेला असली की आधी फोकस धरायचा, मग फ्रेम सरकवायची. एफ/१.८ ला फोकसची खोली फार कमी, तेवढ्यात तो हलतो. त्यात मुंडावळ्या. चेहऱ्यापुढे लोंबणाऱ्या मोत्यांच्या सरीवर फोकस बसतो आणि डोळे मऊ येतात. अक्षता पडायला लागल्या की आणखी गोंधळ. मिररलेसमध्ये डोळा शोधून त्याला धरून ठेवणारा फोकस आहे, पॉइंट जवळजवळ फ्रेमभर पसरलेले. हे ऐकून होते. खात्री करायची तर कॅमेरा भाड्यानं आणणं हाच मार्ग. २०२३ च्या हंगामात पुण्याहून एका लग्नासाठी सोनी ए७ फोर आणला, दुसऱ्यासाठी झेड६ टू, आणि दोन्ही वेळा आमचे डी७५० बरोबर चालवले. सोनीचा फोकस सरस वाटला, ते मोकळेपणानं सांगते. झेड६ टू मुंडावळ्यांवर अधूनमधून फसला, तरी आमच्या जुन्या कॅमेऱ्यांपेक्षा फार पुढे होता.

मग कपाट उघडून सगळ्या लेन्स टेबलावर मांडल्या. जुन्या एफ माउंटच्या लेन्स नव्या झेड बॉडीला जोडणारा निकॉनचा एफटीझेड अडॅप्टर लावला की एएफ-एस, म्हणजे आतच मोटर असलेल्या, लेन्सचा ऑटोफोकस झेड बॉडीवर चालतो. आमची २४-७० आणि ८५ एफ/१.८ जी त्यात बसल्या. पण एएफ-डी लेन्समध्ये मोटर नसते, ती बॉडीतल्या मोटरवर फिरते, आणि झेड बॉडीत किंवा अडॅप्टरमध्ये ती मोटर नाही. म्हणजे बाबांची ८०-२०० फक्त हातानं फोकस करण्यापुरती उरणार. ही बाब दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. ज्यांच्याकडे जुन्या निकॉन लेन्स आहेत त्यांनी लेन्सवरची अक्षरं नीट वाचावीत. डी७५० च्या बॅटऱ्या झेड६ टू मध्ये चालतात, आमचे फ्लॅशही चालले. फक्त अंधारात फोकससाठी फ्लॅशमधून पडणारा लाल प्रकाश मिररलेसवर पडत नाही, त्यामुळे लग्नाआधीच्या 'संगीत'च्या कार्यक्रमात छोटा एलईडी जवळ ठेवावा लागतो. एवढं सगळं मांडल्यावर निकॉनमध्येच राहायचं ठरलं. एक लेन्स गमावून बाकीचं सामान वाचत होतं.

वेळ निवडली चातुर्मासाची. आषाढी ते कार्तिकी एकादशी लग्नं जवळजवळ बंद, एखाद-दुसरं काढीव मुहूर्ताचं. २०२३ ला अधिक श्रावण होता, त्यामुळे चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. आमच्यासारख्यांना शिकायला एवढा सलग वेळ क्वचितच मिळतो. हंगामाच्या आदल्या आठवड्यात नवी सिस्टिम हातात घेणाऱ्याला मी हात जोडून थांबवेन. बोटांना बटणं माहीत नसतील तर मंगळसूत्राचा क्षण मेनू शोधण्यात निघून जातो.

पैशाचीही बाजू सांगते, कारण ती सहसा कुणी लिहीत नाही. २०१९ च्या १ जानेवारीपासून डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आम्ही जीएसटीत नोंदणीकृत आहोत, त्यामुळे पक्क्या बिलावर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं. बिल नसलेला बाहेरचा माल स्वस्त दिसतो, पण त्याला क्रेडिट नाही आणि वॉरंटीही नाही. प्राप्तिकरात कॅमेऱ्यावर १५ टक्के घसारा मिळतो. आर्थिक वर्षात तो १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर निम्माच. पावसाळ्यात घेतलेला कॅमेरा त्या हिशेबातही पूर्ण बसतो. आणि आमचा घरचा नियम असा: येणाऱ्या हंगामाच्या पक्क्या झालेल्या तारखांच्या ॲडव्हान्समधून निम्मी रक्कम निघाली पाहिजे. उरलेल्या निम्म्यासाठीच हप्ता. दोन बॉड्या घेण्याइतके पैसे या नियमात बसत नव्हते, म्हणून एकच झेड६ टू घेतला.

पहिले काही आठवडे तो फक्त स्टुडिओत आणि गणपतीत वापरला. बाबांच्या काळापासून आमच्याकडे असलेले काका इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरला तयारच नव्हते. "हा टीव्ही बघून फोटो काढायचा व्हय?" म्हणायचे. मिरवणुकीत समोरून हॅलोजन, मागून अंधार, अशा प्रकाशात फोटो काढायच्या आधीच एक्स्पोजर डोळ्याला दिसतं, हे त्यांनी अनुभवलं आणि त्यानंतर कॅमेरा माझ्या हाती यायला वेळ लागला. त्यांच्यासारख्या जुन्या जाणत्या माणसाला नवं साधन आवडलं, याचा मला कॅमेऱ्याइतकाच आनंद झाला.

त्यानंतरच्या मैफलीत मी पहिल्यांदा आलापात फोटो काढले. सायलेंट मोडवर, आयएसओ ५०००, शटर १/१२५. शेजारी बसलेल्या माणसालाही कळलं नाही. मात्र काही ठिकाणी एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे आले. झेड६ टू चा सेन्सर सायलेंटमध्ये सावकाश वाचला जातो आणि दिव्यांची लुकलुक त्यात पकडली जाते. शटर कमी करून ते बरंच आटोक्यात येतं, पूर्ण जात नाही. २०२४ च्या जूनमध्ये आलेल्या झेड६ थ्रीचा सेन्सर खूपच वेगानं वाचतो. त्यामुळे दुसरी बॉडी घ्यायची वेळ आली तेव्हा निवड अवघड नव्हती. तीही चातुर्मासातच घेतली.

दोन्ही डी७५० आजही स्टुडिओत आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि वाद्यांच्या माहितीपत्रकांची कामं आमच्याकडे वाढली. ट्रायपॉडवर कॅमेरा, आयएसओ १००, एफ/११, भोपळ्यावरच्या नक्षीवर बाजूनं मऊ प्रकाश. इथं वाद्य हलत नाही आणि शटरचा आवाज कुणाला खुपत नाही. डी७५० वर बाबांची ८०-२०० लावून काढलेला जवारीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा, फोटो आणि नव्या कॅमेऱ्यावरचा फोटो शेजारी ठेवले तर कारागिरांना फरक ओळखता आला नाही. मलाही पटकन आला नसता. नुसतं अशाच कामावर ज्यांचं घर चालतं, त्यांना मिररलेससाठी कर्ज काढायला मी सांगणार नाही.

आता झेडची ७०-२०० घ्यायची आहे. लग्नात ती लेन्स सध्या भाड्यानं आणतो. एका हंगामाचं भाडं तिच्या वर्षाच्या हप्त्याच्या पुढे गेलं की घेऊ, अजून गेलेलं नाही.

कुणाकडे जुन्या निकॉन लेन्स असतील आणि मिररलेसचा विचार चालू असेल, तर लेन्स घेऊन मिरजेला या. अडॅप्टर आणि दोन्ही झेड बॉड्या आहेत, लावून बघा, कार्डावर फोटो घेऊन जा. फक्त लग्नाची तिथी सोडून या, आणि येण्याआधी एक फोन करा.