सकाळचं पाणी काळं, दुपारचं नाही

पाटण तालुक्यातल्या एका वाडीतून हापशाच्या पाण्याची तक्रार सारखी येत होती. पाणी तांबडं येतं, चहा काळा पडतो, पांढऱ्या कपड्यांवर डाग बसतात. अहवाल मात्र दरवेळी ‘पिण्यायोग्य’. पिण्याच्या पाण्यात लोहाची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे (आधी ती ०.३ होती), आणि वाडीचा नमुना त्याच्या आत बसायचा. पाणी तपासणं हेच माझं काम. एवढी माणसं उगाच खोटं बोलणार नाहीत, असं वाटून मी वाडीत मुक्कामाला गेले. रात्रभर पाइपात उभं राहिलेलं, कुणी हात लावण्याआधीचं पाणी मला हवं होतं.

पहाटे हापशावर एक आजी आधीच हजर. माझ्या काचेच्या भांड्यात पाणी पडल्यावर त्यांनी कनवटीचा हिरडा काढला, दगडावर चेचला आणि चिमूटभर त्यात टाकला. बघता बघता पाणी जांभळट झालं आणि मग शाईसारखं काळपट. “बगा ताई,” त्या म्हणाल्या, “दुपारच्या पान्याला असं हुईत न्हाई.”

हिरड्यातलं टॅनिन लोहाला भेटलं की काळा रंग येतो. जुनी शाई याच गुणावर व्हायची, चहाही त्यामुळेच काळवंडतो. पण मी अडकले ते आजींच्या दुसऱ्या वाक्यात. जमिनीतलं पाणी सकाळी एक आणि दुपारी दुसरं कसं असेल?

पहिल्या उपशाची बाटली भरली, मग थोडं थोडं हापसत पुढच्या. प्रत्येकीत लगेच नायट्रिक आम्ल टाकलं. ते टाकलं नाही तर वाटेतच लोह हवेशी जुळून तांबडा गाळ होतो, बाटलीच्या भिंतीला चिकटतो आणि वरचं नितळ पाणी तपासलं की आकडा कमी येतो. प्रयोगशाळेत फिनँथ्रोलिन घातलं. लोह जितकं जास्त, तितका या रसायनाने केशरी रंग गडद येतो. पहिली नळी गडद केशरी झाली. पुढची फिकी, त्यापुढची आणखी फिकी, शेवटची जवळजवळ पाण्यासारखी.

म्हणजे लोह कातळातून नव्हे, पाइपातून येत होतं. आपला काळा पाषाण लोहाने भरलेला, वरच्या सड्यावरचा जांभा तर लोहामुळेच तांबडा. म्हणून ‘जमिनीतच लोखंड आहे’ हे कुणालाही पटतं. पण जांभ्यातलं लोह गंजलेल्या रूपात असतं, ते पाण्यात सहज विरघळत नाही. या पट्ट्यात पाऊस धो धो, पाणी मऊ, क्षार कमी आणि मातीतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे किंचित आम्लधर्मी. असं पाणी पाइपावरचा जस्ताचा थर खातं आणि मग लोखंडाला लागतं. कमी पावसाच्या माण-खटावकडे उलट. तिथलं पाणी जड, पाइपाला आतून चुन्याचा थर धरतो आणि तोच लोखंडाला आडोसा होतो.

दुरुस्ती पथकाने पाइप वर काढले. तीन-तीन मीटरचे तुकडे, आतून नारिंगी गाठींनी अर्धे बुजलेले. आटे इतके झिजलेले, की एक जोड हाताने ओढला आणि निसटला.

मग अहवाल चुकले का? नाही, आणि मला हेच फार लागलं. नमुना घेण्याआधी हापसा काही मिनिटं चालवावा, असा नियम आहे. भूजल कसं आहे हे कळण्यासाठी तो योग्यच. गावातून नमुने गोळा करणारा जलसुरक्षक तो इमानाने पाळत होता. पण पहिले हंडे भरतात त्या बायका, आणि नियम ओतून देतो नेमकं तेच पाणी. आपण जमिनीचं पाणी तपासत होतो, लोकांच्या हंड्यातलं नव्हे. लोहाचा प्रश्न असेल तिथे दोन बाटल्या घ्यायला हव्यात, पहाटेची पहिली आणि उपशानंतरची, दोन्ही आम्ल घालून. हे मी आता भेटेल त्या प्रत्येक जलसुरक्षकाला सांगते.

खालच्या आळीतला, भातखाचरांच्या कडेचा हापसा मात्र वेगळा निघाला. तिथे शेवटची बाटलीही केशरीच. खाचरात महिनोन्‌महिने पाणी साचतं, कुजणारा पालापाचोळा जमिनीतला प्राणवायू संपवतो, आणि प्राणवायू नसला की गंजलेलं लोह पुन्हा विरघळतं. पाणी वर येतं ते स्वच्छ, हंड्यात थोडा वेळ ठेवलं की तांबूस होतं. इथे पाइप बदलून भागणार नाही. पाणी उंचावरून झारीसारखं पाडून हवा खेळवायची, लोहाचा गाळ बसू द्यायचा आणि वाळूतून गाळायचं.

वरच्या हापशाला आता प्लास्टिकचे पाइप बसलेत, पहाटेचा पहिला नमुनाही मर्यादेत आला. खालच्या आळीच्या गाळणीचा प्रस्ताव ग्रामसभेसमोर आहे. तोवर तिथल्या बायका पाणी रात्रभर उघड्या पिंपात ठेवून सकाळी वरचं नितळ तेवढं काढून घेतात.