57 टक्क्यांवरून 7 वर: तुम्ही विचारलंत म्हणून

मी स्लोव्हाकियातल्या कोशित्से शहरात राहते. भारतातून कुणी आलं, इथल्या ह्लाव्ना या मुख्य रस्त्यावरून फेरी झाली आणि हे रुडॉल्फ शुस्टर महापौर असताना झालं असं मी सांगितलं, की ठरलेला प्रश्न येतो: एवढं काम केलेल्या माणसाला लोकांनी घरी का बसवलं? आकडे वाचूनच आलेले असतात. 1999 मध्ये देशाच्या राष्ट्रपतिपदासाठी 57 टक्के मतं, 2004 मध्ये जेमतेम 7. आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही तुम्हीच देऊन टाकता, ‘कम्युनिस्ट होते ना ते!’ हे उत्तर ऐकून मला आता वीट आलाय.

होते, कम्युनिस्टच होते. 1983 ला त्याच राजवटीने त्यांना कोशित्सेच्या प्रमुखपदी बसवलं आणि 1989 च्या क्रांतीच्या धामधुमीत तेच स्लोव्हाक संसदेचे अध्यक्ष झाले. पण यातलं 1999 ला कुणापासून लपलेलं होतं? मतदारांना सगळं माहीत होतं. तरी निवडून दिलं, कारण समोर माजी पंतप्रधान मेचियार होते. मार्च 1998 पासून देशाला राष्ट्रपतीच नव्हता, संसदेत कुणालाच पुरेशी मतं पडत नव्हती, आणि तेव्हा पंतप्रधान म्हणून राष्ट्रपतींचे काही अधिकार हाती आलेल्या मेचियारांनी मावळत्या राष्ट्रपतींच्या मुलाच्या अपहरणाच्या प्रकरणात गुंतलेल्यांना माफी जाहीर करून टाकली होती. पहिल्यांदाच थेट लोकांच्या मतावर राष्ट्रपती निवडायचा होता. त्या 57 टक्क्यांत शुस्टरांवरचं प्रेम किती आणि मेचियारांची धास्ती किती, हे आधी वेगळं करा, मग आकडे माझ्यासमोर ठेवा.

महापौर म्हटल्यावर आपल्याकडचा महापौर डोळ्यांसमोर आणू नका. आपल्याकडे खरा कारभार आयुक्त बघतात. इथे लोक महापौराला थेट निवडतात आणि शहर तोच चालवतो. 1994 ला निवडून आल्यावर शुस्टरांनी ह्लाव्ना उकरून नव्याने बांधला. आज मधोमध जो पाण्याचा पाट वाहतो, ज्यात उन्हाळ्यात पोरं पाय बुडवून बसतात, तो तेव्हाचा. खोदताना जुन्या शहराचा दक्षिण दरवाजा सापडला, तो बुजवला नाही, खाली उतरून पाहता येईल असा ठेवला. शहरावर कर्ज झालं, तेही खरं.

आणि त्याच काळातलं, 1995 चं, आणखी एक काम आहे, जे मी पाहुण्यांना दाखवत नाही. भाडं थकवणारे आणि जुन्या शहरातले रोमा (इथला वंचित अल्पसंख्य समाज) लुनिक नऊ या कडेच्या वसाहतीत हलवायचं शहराने ठरवलं. इकडे रस्ता नटत होता, तिकडे माणसं हलवली जात होती. पूर्वी मी म्हणायचे, तो काळच तसा होता, प्रत्येक शहर तेच करत होतं. गावकुसाबाहेर वस्ती कशी बसवतात हे महाराष्ट्रात वाढलेल्या बाईने पाहिलेलं असतं, तिने हे म्हणू नये. पण मग ह्लाव्नावरून चालताना मला आनंद होतो तो खोटा का? तसंही म्हणवत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं माझ्या मते खरं उत्तर: 2000 चा उन्हाळा.

जूनमध्ये शुस्टरांच्या मोठ्या आतड्याला छिद्र पडलं. ब्रातिस्लाव्हात शस्त्रक्रिया झाली, प्रकृती ढासळत गेली, आणि महिनाअखेरीस मरणाच्या दारात असलेल्या राष्ट्रपतीला सीमेपलीकडे ऑस्ट्रियात, इन्सब्रुकला नेलं. तिथे ते वाचले. मधल्या काळात त्यांचे अधिकार पंतप्रधान आणि संसदेच्या अध्यक्षांकडे गेले आणि ते जायला हवे होते का यावर भांडणं लागली. आरोग्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. शुस्टर ऑगस्टमध्ये परतले आणि देशात झालेल्या उपचारांबद्दल उघडपणे बोलले.

माझ्या सासूबाई तेव्हा कोशित्सेतच नर्स होत्या. 1999 ला मत शुस्टरांना, 2004 ला नाही. कारण विचारलं तर त्या कधी राजकारण काढत नाहीत, तो उन्हाळाच काढतात. राष्ट्रपती आमच्या हातून वाचत नाही असं जगाने पाहिलं, तो परक्या देशात बरा झाला, आणि परत येऊन त्याने आमच्याकडेच बोट दाखवलं. आमच्या वॉर्डातला पेशंट कुठल्या इन्सब्रुकला जाणार होता? हे त्या आजही आवाज चढवून बोलतात. मी त्यांच्याशी भांडले आहे. मरणाऱ्या माणसाने सीमेवर थांबून देशाच्या अब्रूचा विचार करायचा होता का? आणि उपचार चुकले असं ज्याला वाटतं त्याने केवळ राष्ट्रपती आहे म्हणून गप्प बसायचं? त्यांचं म्हणणं, हो, बसायचं. मला पटत नाही. पण ड्युटी संपवून घरी आल्यावर टीव्हीवर ते ऐकणारी बाई त्या होत्या, मी नव्हते.

त्यानंतर शुस्टरांचं सरकारशी बिनसतच गेलं. कायदे परत पाठवणं चालूच राहिलं. 3 एप्रिल 2004 ला राष्ट्रपतिपदाच्या पहिल्या फेरीसोबतच मुदतपूर्व निवडणुकीचं सार्वमत ठेवलं, तेही त्यांच्याच सहीने. राष्ट्रपतिपदासाठी सुमारे 48 टक्के लोक आले, सार्वमताला सुमारे 36. म्हणजे केंद्रावर येऊनही अनेकांनी दुसरी मतपत्रिका घेतली नाही. निम्म्या मतदारांची अट असल्याने सार्वमत बाद झालं, आणि शुस्टर चौथे आले.

पहिले कोण आले? मेचियार. दुसऱ्या फेरीत त्यांच्यासमोर गाश्पारोविच, म्हणजे मेचियारांच्याच पक्षातून संसदेचे अध्यक्ष राहिलेले जुने सहकारी. पाच वर्षांपूर्वी मेचियार नकोत म्हणून घराबाहेर पडलेल्या लोकांना 17 एप्रिलला या दोघांतून निवडायचं होतं. सासूबाई त्या दिवशी मतदानाला गेल्या नाहीत. शुस्टर का हरले हे मला सगळे विचारतात. ते हरल्यावर कुणाचं काय भलं झालं, हे एकदा सासूबाईंनाही विचारा.