तुम्ही विचारलंत म्हणून: ऑर्केस्ट्रा चालवणं शिकता येतं का?

सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या व्यवस्थापनात करिअर करू पाहणारी मंडळी मला हटकून दोन गोष्टी विचारतात. संगीत किती यायला हवं? आणि यातलं नेतृत्व शिकवतं कोण?

पहिल्याचं उत्तर सोपं. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता आली, कुठल्या रचनेला किती वादक लागतात हे कळलं, की काम हलकं होतं. नामवंत ऑर्केस्ट्रा-व्यवस्थापक डेबोरा बोर्डा मुळात व्हायोलावादक (व्हायोला म्हणजे व्हायोलिनचं थोडं मोठं भावंड). पण त्या लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक चालवत असताना २००३ मध्ये त्या ऑर्केस्ट्राचा डिस्ने कॉन्सर्ट हॉल उघडला, पुढे तरुण कंडक्टर गुस्तावो दुदामेल तिथे आले. ही कामं व्हायोलाच्या जोरावर होत नसतात.

मग शिकायचं काय? माझ्या मते आधी पैसा. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्येच नेमकं दुखणं सांगून ठेवलंय. बेथोव्हनची पाचवी सिम्फनी १८०८ मध्ये पहिल्यांदा वाजली. आजही तिला जवळपास तेवढेच वादक आणि अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. कारखान्यात तेच काम कमी माणसांत होत गेलं, पगार वाढले. त्यांच्या मागोमाग वादकांचेही वाढवावे लागतात, सिम्फनी मात्र लवकर उरकता येत नाही. त्यामुळे मोठ्या ऑर्केस्ट्राचा खर्च सहसा नुसत्या तिकिटांवर भागत नाही. उरलेला भार देणगीदार, कायम निधीचं उत्पन्न किंवा सरकार उचलतं. फिलाडेल्फियासारख्या नामवंत ऑर्केस्ट्रालाही २०११ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. ताळेबंद वाचता येत नसेल, तर बाकीचं नेतृत्व राहू द्या.

त्यानंतर माणसं, आणि इथे खरी कसोटी. कारण व्यवस्थापकाचा हुकूम फारसा कुणावर चालत नाही. वर संचालक मंडळ, त्यात पुष्कळदा मोठे देणगीदारच. काय वाजवायचं यात म्युझिक डायरेक्टरचा, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या मुख्य कंडक्टरचा, शब्द मोठा. वादकांची युनियन असेल तर रिहर्सल किती वेळ आणि मध्ये सुट्टी कधी, हेसुद्धा करारात लिहिलेलं. मिनेसोटा ऑर्केस्ट्रात वेतनाच्या वादातून ऑक्टोबर २०१२ मध्ये टाळेबंदी झाली, ती मिटायला २०१४ उजाडलं. मधल्या काळात म्युझिक डायरेक्टर ऑस्मो वान्स्का राजीनामा देऊन मोकळे झाले (पुढे परतले, ही त्यातली बरी गोष्ट). हा प्रसंग मी शिकणाऱ्यांना मुद्दाम वाचायला सांगतो.

शिकवणाऱ्यांत ठळक नाव लीग ऑफ अमेरिकन ऑर्केस्ट्राज, म्हणजे अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रांची संघटना, स्थापना १९४२. त्यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या फेलोशिपमध्ये उमेदवार वेगवेगळ्या ऑर्केस्ट्रांत राहून काम शिकत. मला ही पद्धत वर्गातल्या व्याख्यानांहून कितीतरी सरस वाटते. 'दूरदृष्टी'वरची भाषणं तर ऐकली नाहीत तरी चालेल. अभ्यासक्रमात लुटुपुटीची वाटाघाट असेल, तर वादकांची बाजू मागून घ्या. पगारकपातीचा कागद टेबलाच्या त्या बाजूने वाचला, की पुढे तो लिहिताना हात जरा सावध चालतो.

आणि फेलोशिप नाहीच मिळाली तर एखाद्या लहान ऑर्केस्ट्रात शिरा. तिथे स्वरलिपींच्या प्रती लावण्यापासून देणगीदाराला फोन करण्यापर्यंत सगळं एकाच माणसाच्या गळ्यात पडतं. नेमकं तेच तुम्हाला हवंय.