काळ्या-पांढऱ्या घराची मालकी

इंग्लंडमधल्या खेड्यात घर घ्यायचं म्हणणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना मी एकच सांगते. घराचे फोटो नंतर बघा, आधी त्या घरावर आणखी कोणाकोणाचा हक्क आहे ते विचारा. पायवाटेने जाणाऱ्यांचा असतो, कौन्सिलचा असतो, क्वचित चर्चचासुद्धा असतो. हे हक्क मनापासून मान्य असतील तरच या वाटेला जा, नाहीतर शहराजवळचं नवं घर बरं.

आम्ही बर्मिंगहॅम सोडून हेरिफर्डशरमध्ये आलो, लेम्स्टरच्या पश्चिमेला. वेब्ली, पेम्ब्रिज ही इथली नावाजलेली काळ्या-पांढऱ्या घरांची गावं. आमचं गाव त्यांच्याएवढं प्रसिद्ध नाही, पण घरं तशीच. ओकच्या काळ्या तुळयांचा सांगाडा, आणि मधल्या पांढऱ्या चौकटींत कामट्या विणून त्यावर माती, शेण नि गवत लिंपलेलं. कोकणातल्या कुडाच्या भिंती ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे वेगळं समजावायला नको. नवं घर का नाही घेतलं, असं पुण्याहून सगळे विचारतात. इथल्या लग नदीत सांडपाण्यातूनही येणाऱ्या फॉस्फेटचं प्रमाण इतकं वाढलंय की २०१९ पासून तिच्या खोऱ्यात नवी घरं बांधायच्या परवानग्या अडकून पडल्या. नवं घर मिळणं तेव्हा अवघडच होतं. आणि खरं सांगायचं तर मला जुनंच हवं होतं.

ऑफर मान्य झाली म्हणजे घर आपलं झालं, असं इथे नसतं. आपल्याकडे साठेखताने जे होतं ते इथे ‘एक्स्चेंज’च्या दिवशी होतं. सह्या झालेले करार दोन्हीकडचे सॉलिसिटर, म्हणजे वकील, एकमेकांशी बदलतात, साधारण दहा टक्के रक्कम जाते, आणि मग कोणालाच मागे फिरता येत नाही. त्याआधी विकणारा जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो, घेणाराही एका फोनवर नाही म्हणू शकतो. त्यात ‘चेन’ असते, म्हणजे एकमेकांवर अडकलेल्या व्यवहारांची साखळी. आमचं घर विकणाऱ्या आजीबाई मुलीजवळ राहायला जाणार होत्या. त्यांनी जे घर धरलं होतं त्याच्या मालकाला आणखी कुठेतरी जायचं होतं. मधला एक व्यवहार मोडला आणि सगळेच थांबले. त्या काळात आजीबाईंनी आम्हाला बागेतली सफरचंदं पाठवली, सोबत कुठलं झाड कधी छाटायचं याची चिठ्ठी. कागदावर काहीच बांधलेलं नसताना माणसं शब्द कसा पाळतात, ते मी तेव्हा पाहिलं.

जमिनीचे कागद मात्र इथे सरळ आहेत. लँड रजिस्ट्रीतून थोड्याशा पौंडांत कोणीही कोणाच्याही नोंदलेल्या घराचा उतारा काढू शकतो. पण नकाशावरची लाल रेघ म्हणजे मोजणी करून रोवलेला दगड नव्हे. ती हद्द अंदाजे धरायची असते, नेमकी कुंपणं जुन्या कागदांवरून आणि शेजाऱ्यांना विचारून ठरतात. चर्चच्या हक्काचं म्हणाल तर, काही जुन्या जमिनींच्या मालकांवर गावच्या चर्चच्या दुरुस्तीचा खर्च येऊ शकतो. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कॅन्टलो गावच्या एका दांपत्याविरुद्ध २००३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तसा निकाल दिला होता. म्हणून सॉलिसिटर तेवढं तपासून घेतात. आमच्यावर तो बोजा निघाला नाही.

पायवाट निघाली. परसातल्या कुंपणाच्या आतून सार्वजनिक वाट जाते. पिवळ्या बाणाची पाटी, आणि कुंपण ओलांडायला लाकडी पायरी. ती वाट मोकळी ठेवणं आणि पायरी धड राखणं ही जमीनमालकाची जबाबदारी. सकाळी मी भांडी घासत असते तेव्हा अनोळखी माणसं कुत्री घेऊन खिडकीसमोरून जातात, हात करतात. सासूबाई आल्या तेव्हा त्यांना हे पटेना, “आपल्या अंगणातून कोण कशाला जाईल?” दोन आठवड्यांत त्या त्याच वाटेने दुसऱ्यांच्या शेतांतून देवळात निघाल्यासारख्या रोज फिरायला जाऊ लागल्या.

गावात गॅसची पाइपलाइन नाही, गटारही नाही. घर गरम ठेवायला रॉकेल लागतं, आणि बहुतेक विक्रेते पाचशे लिटरच्या खाली आणून देत नाहीत. म्हणून गाव मिळून एकत्र मागवतं, भावही कमी पडतो. सेप्टिक टँकचं पाणी थेट ओढ्यात सोडायला आता मनाई आहे, तेव्हा टाकी कुठली आणि पाणी कुठे मुरतं हे घर घेण्याआधी विचाराच. बस मोजक्याच. गाडी चालवता येत नसेल तर हे गाव तुम्हाला एकटं पाडेल, हे मी कोणापासून लपवत नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं ते उत्तरेच्या भिंतीने. घर घेण्याआधी तपासायला आणलेला आमचा सर्व्हेअर गुडघे टेकून बसला आणि त्याने तळाच्या आडव्या तुळईत टोच्या लावला. तो लोण्यात जावा तसा आत गेला. मागच्या कोणीतरी ती भिंत मजबूत करायची म्हणून बाहेरून सिमेंट चढवलं होतं. सिमेंटच्या बारीक भेगांतून पावसाचं पाणी आत शिरतं, पण ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि ओक आतल्या आत कुजतो. चुन्याचा गिलावा ओल घेतो आणि वाळला की सोडतो. म्हणजे दुरुस्ती काय, तर सिमेंट काढायचं, कुजलेली तुळई तेवढी कापून नवा ओक जोडायचा, आणि वर पुन्हा चुना. अहवाल दाखवल्यावर किंमत थोडी उतरली.

घर ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे सरकारी यादीतली जतन करायची वास्तू आहे, म्हणून त्याच्या रूपाला धक्का लागेल अशा कुठल्याही बदलाला, अगदी आतल्यासुद्धा, कौन्सिलची संमती लागते. ती न घेता काम केलं तर गुन्हा. लोकांना याचा जाच वाटतो, मला वाटत नाही. कौन्सिलच्या वारसा-अधिकारी बाई येऊन भिंतीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या, कुठल्या तुळया मूळच्या आणि कुठल्या नंतरच्या ते मला बोटाने दाखवत गेल्या. इतक्या बारकाईने आपल्याकडच्या वाड्यांकडे कोणी पाहिलं असतं तर, असं तेव्हा फार वाटलं. संमती आता हातात आहे. ओल्या चुन्याला गोठवणारी थंडी सोसत नाही, त्यामुळे गवंडी एप्रिलनंतर येणार. ओक मात्र आत्ताच सांगून ठेवलाय.